चार बोटांचा रस्ता

सुलोचनाबाईंच्या हातून चूक झाली आणि ती लपवायला जागाच नव्हती. भाजीत मीठ जास्त पडलं तर घरातल्या घरात मिटतं. यांची चूक पुंडलिकरावांच्या वावरात उगवली, आणि ते वावर हिंगणीहून बोर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला अगदी लागून. येणारा-जाणारा ती बघणार, कापूस निघेपर्यंत बघणार, आणि बघून गप्प बसेल तो हिंगणीचा कसला?

झालं होतं ते असं. सुलोचनाबाईंचे यजमान नानाजी गावचे सुतार. ऐन मे महिन्यात त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. ते वर्ध्याला दवाखान्यात, आणि इकडे पुंडलिकरावांचं काम तसंच पडलेलं. काम होतं काकर पाडायच्या दांड्याचं. कपाशी लावायच्या आधी हा दांडा बैलांमागे वावरभर फिरवतात. बाभळीचं जाड लाकूड, त्यात सारख्या अंतरावर चार भोकं, प्रत्येक भोकात एक दाता. दाते जमिनीवर रेघा ओढत जातात आणि त्या रेघांवर बाया बी टोबतात. म्हणजे लाकडात जे अंतर, तेच वावरात. सुतारानं एकदा मापलेलं शेत हंगामभर पाळतं.

पुंडलिकराव भला माणूस. म्हणाले, मी दुसरीकडून करून आणतो, तुम्ही नानाजीकडे पाहा. यात रागावण्यासारखं काही नव्हतं, पण सुलोचनाबाईंना राग आला. राग त्यांच्या नाकावर तयारच असतो. उभा जन्म त्यांनी नानाजींच्या दोरीचं दुसरं टोक धरलं होतं, करवतीची दुसरी मूठ ओढली होती, आणि दुसरं टोक धरणाऱ्याला काही येत नसतं असं जग खुशाल धरून चालतं. दांडा मी देतो करून, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. मुलाला, स्वप्निलला, बापाजवळ बसवलं आणि त्या घरी येऊन कामाला लागल्या.

जुना मोडका दांडा समोर होता. त्यावरून पहिल्या आणि शेवटच्या भोकाची खूण त्यांनी नव्या लाकडावर बरोबर उतरवली. दोन भोकांमधल्या अंतराएवढी एक काडीही कापून घेतली. इथवर सगळं ठीक. मग घाई नडली. त्यांनी पहिलं भोक पाडलं, काडी लावून दुसऱ्याची खूण केली, तेही पाडलं, मग तिसरं. काडीचं टोक खरं तर भोकाच्या मधोमध धरायचं असतं. पण भोक पडल्यावर तिथं मध्य उरतो कुठं? तिथं नुसती पोकळी. काडी टेकवायची तर काठाला, आणि त्यांनी ती अलीकडच्या काठाला टेकवली. दुसरं भोक थोडं अलीकडे सरकलं, तिसरं आणखी थोडं. शेवटचं मात्र आपल्या जुन्या खुणेवर ठाम. त्यामुळे सरकलेलं सगळं अंतर शेवटच्या दोघांमध्ये गोळा झालं, चांगली चार बोटं.

अंगणात चार बोटं कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. दाते ठोकून दांडा गेलासुद्धा. पण कपाशी वीतभर झाली आणि पुंडलिकरावांच्या वावरात दर काही ओळींनंतर एक रुंद पट्टा दिसू लागला, या कडेच्या धुऱ्यापासून त्या कडेच्या धुऱ्यापर्यंत. गावानं त्याचं बारसं लगेच उरकलं: सुलोचनाबाईचा रस्ता. यावरून सेलूची बस कधी सुरू होते, अशी चौकशी व्हायला लागली. सुलोचनाबाई पिठाच्या चक्कीवर जायच्या तर लांबून, मारुतीच्या मागच्या बोळातून.

लोकांचं त्यांनी एक वेळ सोसलं असतं. नानाजींचं सोसवेना. त्यांना दवाखान्यातून आणलं तेव्हा ऑटो त्याच वावरावरून गेला. नानाजींनी मान वळवून पाहिलं, पुन्हा समोर पाहिलं, आणि एक अक्षर बोलले नाहीत. पुढंही कधी बोलले नाहीत. जीभ जड होती हे खरं, पण चहात साखर कमी पडली की ती बरोबर हलायची. बोलले असते तर सुलोचनाबाईंना भांडता तरी आलं असतं. त्या गप्पपणाशी कसं भांडणार? त्यांनी गिरमिट आणि पटाशी पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. आपल्याला हे येत नाही, असं त्यांनी मनाशी कबूल केलं आणि त्या दिवशी त्या रडल्या.

पुढचा उन्हाळा आला आणि पुंडलिकराव दारात उभे राहिले. दाते घासले होते, तेवढे बदलून हवे होते. दांडा तसाच राहू द्या, काही बिघडलं नाही, वेचणाऱ्या बायांनाही तो पट्टा बरा पडला, असं ते म्हणाले. ते खरंच बोलत होते. पण सुलोचनाबाईंना त्यात दया दिसली, आणि माळ्यावर टाकलेला राग पटाशीच्या आधी खाली उतरला.

"दांडा ठेवून जा भाऊ," त्या म्हणाल्या. "आधी सरळ करून दाखवतो. वाकडं चांगलं का वाईट, ते मंग पाहू."

नवं लाकूड अंगणात मांडलं तेव्हा नानाजी बाजेवर बसून पाहत होते. सुलोचनाबाईंनी पहिली आणि शेवटची खूण केली, दोरी काढली आणि थबकल्या. दोरी एकट्यानं ताणता येत नाही. इतकी वर्षं दुसरं टोक त्याच धरत आल्या होत्या. आता कोण धरणार? नानाजींनी डावा हात पुढं केला.

त्यांनी दोरीचं टोक त्या हातात दिलं. दोन खुणांमधली दोरी मोजून घेतली आणि तिच्या सारख्या तीन घड्या घातल्या. भोकं चार असली तरी मधली अंतरं तीनच. घड्यांवरून मधल्या दोन खुणा उतरवल्या. गिरमिटाला हात घालणार तोच नानाजींच्या तोंडून, वर्षभर अडकून पडलेलं, कसंबसं बाहेर आलं.

"पहिले... मध्य जपून ठेव."

म्हणजे चूक कुठं झाली ते त्यांनी लांबूनच ओळखलं होतं, त्या ऑटोतूनच. सुलोचनाबाईंना राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांनी चारही खुणांच्या रेघा लाकडाच्या चारी अंगांनी फिरवल्या, म्हणजे भोक पडलं तरी त्याचा मध्य बाजूवर शिल्लक राहावा. सगळ्या रेघा झाल्यावरच भोकं पाडली. बाभूळ हट्टी, गिरमिट इकडेतिकडे ओढायचं, पण बाजूची रेघ बघून त्या त्याला जागेवर आणत राहिल्या. शेवटी नानाजींनी मापाची काडी मागितली. डाव्या हातानं ती रेघांना लावून पाहिली, मग उलटी करून पुन्हा लावली. पाहून झाल्यावर त्यांनी काडी खाली ठेवली आणि चहा मागितला. साखरेबद्दल काही बोलले नाहीत.

त्या पावसाळ्यात पुंडलिकरावांच्या कपाशीबद्दल गावात कोणी काहीच बोललं नाही. नाव ठेवायला जागा सापडली नाही की आपल्याकडे माणसं अशीच मुकी होतात. काहीच काम नसताना सुलोचनाबाई त्या रस्त्यानं तीनदा गेल्या, आणि चक्कीवरही आता सरळ रस्त्यानं जाऊ लागल्या.

कापूस फुटला. वेचलेल्या कापसाची ओटी पोटाशी बांधलेली आनंदाबाई धुऱ्यावर भेटली आणि तिनं कंबरेवर हात ठेवून त्यांना अडवलं. दाटीत ओटी सारखी बोंडांना अडकत होती.

"काऊन वो बाई, यंदा आमचा रस्ता कुठी नेला?"

सुलोचनाबाईंनी बोंडांत अडकलेल्या तिच्या ओटीकडे पाहिलं. म्हणजे पुंडलिकरावांनी दया केली नव्हती तर. मग त्यांना हसू फुटलं, आणि ते लवकर आवरेना.

"पाह्यजे असन तं सांगजो," त्या म्हणाल्या. "म्हणशीन तेवढा रुंद करून देतो. पण आता चुकून नाई होणार."