उत्तर समुद्रातला बांगडा

उत्तर समुद्रात बांगडे धरायला जायचं तर जुलैत जावं. इकडे जर्मनीत त्याला माक्रेले म्हणतात, पण आमच्या घरात तो बांगडाच. जुलैत झुंडीच्या झुंडी येतात, वारा पडलेला असतो, उजेड भरपूर असतो. हे सगळं मी नीट चौकशी करून ठरवलं होतं. मी मूळची पुण्याची, मासा आणि मी यांचा संबंध लग्नानंतरचा. पण काही आखायचं म्हटलं की मला राहवत नाही.

निमित्त सासूबाईंचं होतं. त्या कोकणातल्या बंदरावरच्या. सासरे होडीवर जायचे आणि त्या मासळीबाजारात बसायच्या. बायकांनी होडीवर जायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. त्यामुळे आयुष्यभर बांगडे विकलेल्या या बाईने एकही बांगडा पाण्यातून वर येताना पाहिला नव्हता. सासरे गेल्यावर त्या पहिल्यांदाच आमच्याकडे ड्युसेलडॉर्फला आल्या आणि दुसऱ्याच दिवशी मुलाला म्हणाल्या, "मला एकदा खोल समुद्रात ने रे. मासा वर कसा येतो ते बघायचंय. परत काय माझं येणं होत नाही, हे गुडघे बघ."

नवरा लगेच तयार झाला. कोळ्याच्या घरात जन्मलेल्या या इंजिनीअरने मासे धरायचा परवाना मिळावा म्हणून जर्मनीत रीतसर परीक्षा दिलेली आहे. ते ऐकून सासूबाई इतक्या हसल्या की चहा सांडला. "पास तरी झालास का?" त्यांनी विचारलं.

पण जुलै म्हटल्यावर त्यांचं हसू थांबलं.

"तेव्हा दर्या बंद असतो."

"आई, तो तिकडचा. इकडचा चालू असतो," नवरा म्हणाला.

"नारळ दिलाय कुणी?"

"इकडे कोण देणार?"

"मग मी देईन. नारळी पौर्णिमा होऊ दे. त्या आधी मासळी गाभोळीची असते, पोटात अंडी असतात, तिला धरू नये."

त्या वर्षी अधिक महिना आला होता, त्यामुळे नारळी पौर्णिमा पार ऑगस्टच्या अखेरीला गेली होती. तोवर वारे सुटतात, बोटी रद्द होतात, बांगडे पांगतात; आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांचं परतीचं विमान. मी चिडले. "आई, मग कदाचित जायलाच मिळणार नाही," मी स्पष्ट सांगून टाकलं.

"नाही तर नाही," म्हणून त्या कांदा चिरायला बसल्या. हट्टाला औषध नाही. पण मी स्वयंपाकघरातून बाहेर पडले तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. त्या मुलाला हळूच विचारत होत्या, "पौर्णिमेनंतर थोडे तरी राहत असतील ना रे?"

पौर्णिमेला तमिळ दुकानातून नारळ आणला. समुद्र लांब, म्हणून ऱ्हाईन नदीच्या काठावर गेलो. "ही जाते कुठे?" त्यांनी विचारलं. उत्तर समुद्रालाच, असं नवऱ्याने सांगितल्यावर "मग पोचेल," म्हणत त्यांनी नारळ सोडला. जर्मनीत नदीत काय टाकायची परवानगी आहे याची खात्री नसल्यामुळे मी जरा लांब उभी राहून भलतीकडेच बघत होते.

मग आम्ही किनाऱ्यावरच्या गावी जाऊन राहिलो. पहिल्या दिवशी हौशी लोकांना मासे धरायला नेणारी बोट वाऱ्यामुळे निघालीच नाही. दुसऱ्या दिवशी निघाली. तोच आमचा शेवटचा दिवस होता. कितीतरी वेळ कुणाच्याच गळाला काही लागेना. "तुम्ही महिनाभर उशीर केलात," कॅप्टन म्हणाला. मी त्याचं भाषांतर करून सासूबाईंना मुद्दाम ऐकवलं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि दोन्ही हातांनी कठडा धरून पाण्याकडे बघत राहिल्या.

परतायची वेळ होत आली आणि नवऱ्याची काठी वाकली. "आई, बघ, बघ!" तो ओरडला. एकच बांगडा होता. पाण्याखाली आधी नुसतं हिरवं काहीतरी चमकलं, मग निळं, आणि मासा वर आला तेव्हा त्याच्या पाठीवर मोरपंखी रंग नुसता सळसळत होता. इथल्या नियमाप्रमाणे नवऱ्याने त्याला लगेच मारलं. बघता बघता तो रंग विझला आणि बाजारात दिसतो तसा करडा बांगडा त्याच्या हातात उरला.

मला वाटलं, सासूबाई खूश होतील. पण त्या म्हणाल्या, "असा असतो होय हा. आमचे हे रोज असं बघून यायचे गो. आणि घरात आले की काय बोलायचे? 'वाढ.' एवढंच. कधी एका शब्दाने सांगितलं नाही मला."

उशीर, वारा, कॅप्टन, माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मुलाकडे वळल्या. "तू हिला सांगतोस ना रे, दिवसभर काय काय बघितलंस ते?"

तो हातात मासा धरून माझ्याकडे बघत राहिला.