इन्क्युबेटरची खंडेनवमी

आपल्या नारायणगावच्या घरात वरच्या खोलीत एक तरुण मुलगी भाड्याने राहते. जवळच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवते आणि पीएचडीही करते. ती नेमकं काय बनवते, असं तुम्ही फोनवर विचारलंत, म्हणून नीट लिहिते.

गवंडी भिंत बांधताना परांची उभी करतो आणि काम झालं की सोडवतो. हाडात खड्डा पडला तर नवं हाड भरायलाही अशी परांची लागते. पण ती सोडवायला पुन्हा पाय कोण चिरून घेणार? म्हणून ही मुलगी शरीरात हळूहळू विरघळून जाणाऱ्या पॉलिमरची परांची बनवते. दिसायला बत्ताशासारखी भोकाभोकांची चकती. या चकत्या क्षारांच्या पाण्यात, अंगाच्या उबेइतक्या तापमानाला, इन्क्युबेटर नावाच्या कपाटात बारा आठवडे ठेवायच्या. दर सोमवारी त्यांचं वजन करायचं, पाणी किती आंबट झालं ते मोजायचं. मध्ये खंड पडला तर सगळं पहिल्यापासून. आणि तिची पीएचडीची मुदत दिवाळीनंतर लगेच संपत होती.

नवव्या आठवड्यात खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे ट्रॅक्टरपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांची पूजा होते, हे माझ्या लक्षात होतं. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. सूचना व्यवस्थित लिहिली की माणसं ऐकतात, अशी माझी श्रद्धा. मी स्वतः इन्क्युबेटरवर लावायला पाटी लिहून दिली, वर इंग्रजी, खाली मराठी: 'बंद करू नये. हात लावू नये.' खाली तांबडी रेघ.

दसऱ्यानंतर कॉलेजातून आली ती पायरीवर बसूनच राहिली. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. इन्क्युबेटर लखलखत होता. त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, आणि वर माझी पाटी, अगदी सरळ. प्रयोगशाळेतले निवृत्तीला आलेले शिपाई, सगळ्यांचे मामा, हसतमुखाने पुढे आले.

"मामा, पाटी वाचली नाहीत का?"

"वाचली की बाई. लई झाक अक्षर. तीच आदी काढून पुसली, मग मशीन बंद केलं."

"बंद करू नये असं लिहिलंय."

"आवो, ते रोजचं. सणाला न्हाई. वर्सातनं येक दिस मशिनीला इसावा नको का? आन् बाटल्यातलं पाणी लई शिळं व्हतं, फिल्टरचं ताजं भरलंय. म्याडम साध्या हायेत, त्यांच्या ध्यानात न्हाई आलं."

म्याडमनी वही उघडून नऊ आठवड्यांच्या आकड्यांवर आडवी रेघ मारली.

विभागप्रमुखांकडे तोडगा तयार होता. "उरलेल्या तीन आठवड्यांचे आकडे अंदाजाने भरा. आलेखाची रेष सरळच चाललीय, तिला कोण अडवतंय?"

"सर, अंदाजाने केलेली चकती तुम्ही तुमच्या मांडीत बसवून घ्याल?" तिने विचारलं.

सरांनी चहा मागवला.

राहिला मुदतवाढीचा अर्ज. फॉर्मवर कारणं छापलेली होती: आजारपण, बाळंतपण, नैसर्गिक आपत्ती. आपत्तीवर खूण करा, असं सरांचं मत.

"आजी, खरं लिहू?" ती म्हणाली.

"लिही." इंग्रजी मी तपासलं. यंत्राला पूजेनिमित्त विश्रांती देण्यात आली, हे इंग्रजीत न हसता लिहिणं सोपं नसतं.

आठवड्याने उत्तर आलं: पूजा झाल्याचा पुरावा जोडावा. ती रडकुंडीला आली. विद्यापीठाला झेंडूचा हार पाठवायचा की काय? मामांना कळलं, तसा त्यांनी खिशातून फोन काढला. "येवढंच व्हय?"

फोटोत मामा नव्या सदऱ्यात, टोपी घालून इन्क्युबेटरशेजारी उभे. एका हातात आरतीचं ताट. दुसऱ्या हातात, नीट दिसावा म्हणून उंच धरलेला, मशीनचा प्लग.

तीन महिने वाढवून मिळाले. सोमवारी चकत्या पुन्हा पहिल्या आठवड्यापासून ठेवल्या. या वेळी पाटीच्या भरवशावर न राहता मी मामांना तोंडीच विचारलं, "मधे संक्रांत येते. तेव्हा मशीनचं काही नसतं ना?"

मामांनी जरा विचार केला. "तसं काय न्हाई, बाई. लावलाच तर यवढासा तिळगूळ."