चुडीवाल्या शमीमबाईचा उजवा हात

धानोऱ्याच्या बाजारात शमीमबाई चुड्या भरे तेव्हा तिचं तोंड चालू राहे आणि हात आपोआप चाले. गिऱ्हाईक बाईचा पंजा एकदा दाबून पाहे, बस्स. मग चुडीकडं पाहायचं कामच नाई. त्या बाईच्या सासूपासून तर म्हशीपर्यंत साऱ्याइची चौकशी होईपर्यंत कोपरापर्यंत चुड्या चढलेल्या राहत. एखादी फुटलीच तर "फुटली नाई, वाढली म्हण वं!" असं मलेबी दटावे. मले दटावणं सोपं नाई. मी इंदू. माह्यं तोंड माह्या नवऱ्याच्यानं, धनराजच्यानंही आजवर आवरलं नाई.

माह्यी दिव्यानी पाळण्यात होती तेव्हा शमीमबाईनं तिच्या हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या घातल्या आणि सांगून टाकलं, "इंदुताई, हिचा लग्नाचा हिरवा चुडाही मीच भरीन. दुसऱ्या कोणाले बोलावलं तर पाहून घेईन तुले." मी म्हटलं, बोलावते कोण!

दोन हजार चारच्या पावसाळ्यात ती गडचिरोलीहून माल घेऊन येत होती. रस्त्यात रानडुक्कर आडवं आलं, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, आणि शमीमबाई मांडीवरच्या टोपल्यावर पालथी पडली. काच उजव्या मनगटात घुसली. टाके पडले, जखम भरली, साऱ्याइले वाटलं झालं बरं. पण अंगठा आणि त्याच्या बाजूची दोन बोटं मेल्यासारखी पडली. एक दिवस चुलीवरचं भाताचं गंज उघड्या हातानं धरलं, फोड आले, तरी तिले पत्ताच नाई.

तिची पोरगी मदीहा हैदराबादले डॉक्टर होती. म्हणजे आम्ही तसं समजत होतो. सुटीत आली की बाया तिच्याकडं ताप-खोकला घेऊन जात आणि ती म्हणे, "मावशी, मी तशी डॉक्टर नाई. मी उंदराच्या पायाची नस पाहते." घ्या! एवढं शिकून उंदीर! मी तिले तोंडावर हसली होती. पण मायच्या हाताचे फोड फोनवर ऐकले तशी हीच पोरगी गाडीत बसून आली. टाचणी घेऊन एकेक बोट तपासलं आणि मायले उचलून नागपूरले नेलं. चामडी शिवली गेली होती, आतली नस तुटलेलीच राह्यली होती. तिथल्या सर्जननं ती सांधली. तोपर्यंत दिवाळी तोंडावर आली होती.

मदीहा परत जाताना मी तिले रस्त्यात धरलं. "खरं सांग, हात येते का नाई?"

तिनं सांगतलं ते मले जसं समजलं तसं सांगते. नस म्हणजे धागा. धागा तुटला की तुटल्यापुढचा तुकडा मरून जाते. पण धाग्याभोवती दुसऱ्या बारीक पेशी राहतात, त्या मरत नाईत. त्या मेलेल्या धाग्याचा कचरा साफ करतात, रांगेनं उभ्या राहतात आणि नव्या धाग्याले वाट धरून देतात. त्या वाटेनं धागा महिन्याले बोटाच्या पेराएवढा वाढते.

"म्हणजे लग्नघरच्या बायाच की," मी म्हटलं. "आधी झाडझूड करतात, मग वरातीची वाट पाहत उभ्या."

"हो मावशी. पण वरातीले लय उशीर झाला तर त्या बाया थकतात, वाट सोडून देतात. काऊन थकतात, तेच मी शोधून राह्यली. अम्मीचं ऑपरेशन उशिरा झालं." एवढं बोलली आणि पोरीनं तोंड फिरवलं.

दिव्यानीचं लग्न मे महिन्यात ठरलं. शमीमबाई मात्र संक्रांतीपासून बाजारात दिसेना. धनराज म्हणाला, "गडचिरोलीची चुडीवाली सांगून ठेवू." मी म्हटलं, "थांबा, आधी शमीमबाईले पाहून येते!" आणि पायात चप्पल सरकवून तडक शमीमबाईचं घर गाठलं.

पाहते तर बाईची दोन्ही मनगटं रिकामी. माय वं! नवरा नईमभाऊ अंगणात सायकल पुसत बसलेला, आणि हिचे हात बोडखे! मी ओरडलीच. तेव्हा ती रडत रडत बोलली. पट्टी निघाल्याबरोबर तिनं हातभर चुड्या घातल्या होत्या, कारण रिकाम्या हाताच्या चुडीवालीकडून कोणती बाई चुडी भरून घेते? पण मनगटावर चुडी वाजली की तळहातात करंट लागल्यासारख्या झिणझिण्या येत. तिले वाटलं, आपल्या चुड्याच सांधलेली नस मारून राह्यल्या. जन्मभर ज्या चुड्यांवर पोट भरलं त्याच तिनं भिऊन उतरवल्या आणि घरात बसली. पोरीले काऊन नाई सांगतलं? तर म्हणे, "तिची एवढी मेहनत वाया गेली हे कोणत्या तोंडानं सांगू?"

मी घरी येऊन फोन लावला आणि मदीहाले फैलावर घेतलं. "उंदराइच्या नसा सांधते अन् मायच्या हाताची खबर नाई तुले!" झिणझिण्यांचं तिनं दोनदा खोदून विचारलं. मग म्हणे, "मावशी, मी येते."

दोन दिवसांत आली. मायचा हात मांडीवर घेतला आणि बोटानं टकटक वाजवत निघाली. मनगटाच्या खुणेवर वाजवलं, काई खास नाई. जरा खाली वाजवलं, नाई. तळहाताच्या मधात वाजवलं आणि शमीमबाई "या अल्ला!" करून उडालीच. करंट थेट बोटात गेला होता.

मदीहानं परत एकदा वाजवलं. परत करंट. आणि ती पोरगी हसत हसत रडायले लागली. "अम्मी, झिणझिण्या म्हणजे नस मेली नाई. जिथी झिणझिणते तिथपर्यंत धागा पोचला! मनगटावरून इथी आला. बाया थकल्या नाईत, इंदुमावशी!"

माह्या जिवावरचं ओझंच उतरलं. नईमभाऊ आत येऊन विचारे, "क्या हुआ?" कोणी सांगेना, साऱ्याच रडून राह्यल्या. मदीहानं झिणझिण्यांच्या जागी मेंदीचा ठिपका दिला आणि मायच्या हातात आपल्या हातानं चुड्या चढवल्या. चढवता चढवता कटकन दोन वाढवल्या. मायनं धपाटा दिला, "उंदीरच पाह्य तू!" पुढं मी अधूनमधून जाऊन टकटक वाजवे. ठिपका बोटांकडं सरकत गेला.

मे महिना आला. मांडवात शमीमबाई पाटावर बसली, समोर दिव्यानी. बाया माना वाकड्या करून पाहत होत्या. तिनं नेहमीसारखा पंजा दाबला नाई, नुसता उजव्या हाताच्या त्याच तीन बोटांत धरून बसली. म्हटलं, झालं, काई कळून नाई राह्यलं हिच्या बोटाले.

तिनं वर पाह्यलं. "इंदुताई, पोरीचे हात थंडगार पडले वं. भिऊन राह्यली ती. काई खायले दिलं का नाई हिले?"

मी दिव्यानीचा हात धरून पाह्यला. खरंच गार होता. मी माय असून मले माहीत नव्हतं, ते तिच्या त्या बोटाइले कळलं. माह्यं तोंड त्या दिवशी पहिल्यांदा बंद पडलं, असं धनराज अजूनही साऱ्याइले सांगते. शमीमबाईनं पोरीचे हात चोळून गरम केले आणि एकही न वाढवता हिरवा चुडा भरला.