बावीस युनिटांचा चोर

तीन फेब्रुवारीला हिशेबनिसाने १,८४,३१२ रुपयांची चोरी पकडली. निवृत्तीच्या तोंडावर असं घबाड हाती लागलेलं पाहून त्याने आधी चष्मा पुसला, मग मिशीवरून हात फिरवला.

या वीजकेंद्रात बदली होऊन त्याला पंधरवडाच झाला होता. टेकडीवर एक तलाव, पायथ्याशी दुसरा. दुपारी उन्हापासून बनलेली वीज उरली की तिच्यावर पंप चालवून खालचं पाणी वर चढवायचं. संध्याकाळी तेच खाली सोडून वीज परत मिळवायची. शंभर युनिटं खर्चली की अठ्ठ्याहत्तर परत येत; जानेवारीभरात न परतलेल्या युनिटांची किंमत भरली १,८४,३१२ रुपये. वाणिज्य शाखेत पहिला वर्ग मिळवलेल्या माणसाला आणखी काय पुरावा हवा? त्याने शेरा मारला : 'बावीस युनिटे कोठे गेली, याचा पंपचालकाने खुलासा करावा.' साहेब सापापेक्षा शेऱ्याला जास्त भीत. खुलासा येईपर्यंत त्यांनी पंपचालकाचा जादा कामाचा भत्ता अडवला.

"भाऊसाहेब, पाणी वर चढवायचं म्हणजे थोडी वीज खाल्ली जाणारच," पंपचालक म्हणाला. "त्या भत्त्यातून पोरीची फी भरायची आहे हो."

"खाल्ली जाते म्हणजे कोण खातं? नाव लिहून द्या."

हे उत्तर हिशेबनिसाला इतकं आवडलं, की त्याने ते घरी बायकोलाही ऐकवलं.

रविवारी त्यांच्या इमारतीचा पंप जळाला. तिसऱ्या मजल्यावर पहिली बादली टेकवेपर्यंत त्याच्या छातीचा भाता झाला होता आणि विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती. बायकोने बादलीत डोकावून पाहिलं.

"खाली काठोकाठ भरली होती ना? बाकीचं कोणी खाल्लं? नाव लिहून द्या."

"जिन्यात सांडलं."

"आणि या धापा कुठल्या खात्यावर टाकायच्या?"

तो पायरीवरच बसला. श्वास जागेवर आल्यावर अक्कलही आली. दुपारच्या विजेला कुत्रं विचारत नाही; संध्याकाळी दिवे लागले की तिचाच भाव चौपट. पडत्या भावात घ्यावं, चढत्या भावात विकावं, हे कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही कळतं. पहिल्या वर्गाने युनिटं वजा केली होती, भाव बघायचा राहून गेला होता. ते १,८४,३१२ सरळ अक्कलखाती जमा झाले.

मारलेला शेरा खोडायचा नाही, हा नियम त्यानेच जन्मभर इतरांना शिकवलेला. सोमवारी त्याने खाली दुसरा शेरा मारला : 'वरील शेरा चुकीचा असून हिशेबनिसाचा खुलासा घेण्यात यावा.'

"अहो, स्वतःविरुद्ध स्वतःच?" साहेब म्हणाले.

"दुसऱ्या कोणाला इतकं नेमकं लिहिता आलं नसतं, साहेब."

भत्ता त्याच दिवशी सुटला. पण फीची मुदत शनिवारीच संपली होती आणि पंपचालकाला पन्नास रुपये दंड पडला. हिशेबनीस ते द्यायला पंपघरात गेला.

"ठेवा हो, भाऊसाहेब," पंपचालक म्हणाला. "तुमचा खुलासा मंजूर झाला की घेईन."

खुलासा साहेबांच्या टेबलावर पडून आहे. पन्नास रुपये देणे बाकी आहे.