येसाजी बहुरूप्याचा उपदेश

१९५५ सालच्या डिसेंबरात आमच्या ख्रिस्ती मंडळीकडे एक तक्रार आली. आम्ही परीक्षेवर नेमलेला उपदेशक येसाजी हा रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या गावांतून प्रभूच्या नावाने तांदूळ गोळा करतो, असा तिचा आशय होता. कुलाबा जिल्ह्यातील आमची मंडळी लहान. असली वार्ता पसरली, तर आधीच वाकड्या नजरेने पाहणाऱ्या शेजाऱ्यांपुढे मान वर करणे अशक्य झाले असते. मी शाळामास्तर आणि मंडळीचा चिटणीस होतो. येसाजीला उपदेशक म्हणून कायम करावे की काढून टाकावे, याची शिफारस मला करावयाची होती.

संशयाला जागा होतीच. येसाजी जातिवंत बहुरूपी. चौलपासून मुरुडपर्यंत त्याचा जमादार प्रसिद्ध होता. खाकी कोट घालून हा दारात येई, घरधन्यावर बायकोच्या हातची भाजी नावडल्याचा आरोप ठेवी, त्याला चतुर्भुज करण्याची धमकी देई आणि माणूस पुरेसा भ्याला की सलाम ठोकून म्हणे, “बहुरूपी हाय, मायबाप.” मग हशा पिके आणि झोळीत सूपभर तांदूळ पडे. अशा माणसाने वर्षापूर्वी बाप्तिस्मा घेतला आणि सहा महिन्यांत ‘मला उपदेशाचे पाचारण झाले आहे’ असे सांगितले. पाळकसाहेब भोळे. त्यांनी आपला जुना काळा कोट त्याला दिला. मी मात्र तेव्हाच म्हणालो होतो की, खाकी जाऊन काळा आला, एवढेच आपल्याला ठाऊक आहे.

चौकशी मी त्याच्या घरापासून आरंभिली. येसाजी बाहेर गेलेला पाहून त्याच्या पत्नीस, राहीस, विचारले, “याचा विश्वास खरा वाटतो का तुला?”

“मी काय सांगू, गुरजी?” ती मासळी साफ करीत म्हणाली. “आदी माझ्याशी भांडायचा तो बी जमादार होऊन. आता भांडतच न्हाय. मंग घरात कोन आलाय, ह्येच कळत न्हाय.”

या साक्षीने काहीच सिद्ध होत नव्हते. दुसऱ्या दिवशी तरीने खाडी ओलांडून मी तक्रारीत नमूद केलेल्या गावी गेलो आणि खळ्यालगतच्या पेंढ्याच्या उडवीआड उभा राहिलो. झोडणी आटोपून माणसे बसली होती. येसाजी बोलू लागला आणि मी दचकलो. तो आवाज आमच्या पाळकसाहेबांचा होता. तोच घसा खाकरणे, तेच चष्मा सावरणे. वस्तुतः येसाजीला चष्मा नव्हता. ‘प्रिय जनहो’ म्हणून आभाळाकडे पाहत थांबणेही तेच. डोळे मिटले असते, तर मी सवयीने प्रार्थनेला उभा राहिलो असतो.

लोक पोट धरून हसत होते. ठमाबाई नावाची एक वृद्धा पुढे सरली. गावात तिचा शब्द चाले.

“हुबेहूब रं येसाजी! आता उघड की!”

“न्हाय ग आय, ह्ये सोंग न्हाय.”

“जमादाराच्या टायमाला बी असंच म्हनला व्हतास, मेल्या! माझा म्हातारा माडावर चडून बसला व्हता!”

पुन्हा हशा. येसाजी जितके कळवळून नाकारी, तितकी त्याच्या कसबाची वाहवा होई. अखेरीस ठमाबाईने सूपभर तांदूळ त्याच्या झोळीत ओतला आणि तो परत देऊ लागला, तेव्हा तोही खेळाचाच भाग समजून आणखी दोघींनी भर घातली.

तरीवर मी त्याला गाठले. “पाळकसाहेबांची नक्कल का करतोस?”

“उपदेश म्हंजी काय, ह्ये मी त्यांच्याच तोंडून ऐकलं, गुरजी. दुसरी तऱ्हा मना ठावी न्हाय. ल्हानपनापास्नं मी दुसऱ्याच्याच गळ्यानं बोलत आलो. माझा गळा कंचा, त्योच गवसत न्हाय.”

हे तो इतके सुरेख बोलला की माझा संशय दुणावला. माणूस खरे बोलताना इतके चांगले बोलत नाही. मी अट घातली: आठ दिवसांनी त्याच खळ्यावर, कोट न घालता, कोणाचाही आवाज उसना न घेता बोलायचे. जमले नाही, तर नेमणूक रद्द.

त्याचा चेहरा उतरला. “कोट न्हाय, तर मी उभा कसा ऱ्हाऊ?”

“ते तुझे तू पाहा.”

ठरल्या दिवशी तो धोतर आणि बंडी घालून आला. मीही उडवीआड होतो. लोक उत्सुकतेने जमले. आज नवे काय, ही चर्चा. येसाजी उभा राहिला आणि चष्मा सावरायला वर गेलेला हात त्याने खाली घेतला. मग तो बोलला, तो आवाज बारीक, किंचित घोगरा आणि अगदी सामान्य होता.

“मी... गेल्या वर्षी मिशनच्या दवाखान्यात गेलो व्हतो. जमादार होऊन. बायाबापड्या भ्याल्या. आत कोन वाचीत व्हतं. देव मानसाला... येषावरनं न्हाय, नावानं वळखतो, असं कायतरी. मना वाटलं, मनाच हाक मारली. येसाजी म्हनून. मंग सलाम ठोकायचा ऱ्हाऊनच गेला.” त्याने बंडीच्या बाहीने नाक पुसले. “तवापास्नं मी त्याचा हाय. येवढंच. पुढचं येत न्हाय सांगाया.”

कोणी हसले नाही. ठमाबाई जवळ आली आणि त्याच्या तोंडाकडे निरखून पाहू लागली.

“म्हंजी... खरंच बाटलास?”

“व्हय, आय.”

“आन मागच्या खेपंला बी खरंच?”

“तवा बी.”

खळ्यावर एकदम गलका झाला. ज्यांनी तांदूळ घातला होता, त्यांना आपण फसवले गेलो असे वाटले. गावचा कारभारी अंबाजी ओरडला, “सोंग व्हतं तवर पोटभर हसलो. खरं आसंल तर ह्या गावात पाय ठेवायचा न्हाय!” कोणीतरी येसाजीला ढकलले. तो पडला, उठला आणि खाडीच्या वाटेला लागला. बहुरूप्याची पिढीजात रोजीरोटी त्या गावांवरच होती. ती त्याने दहा-बारा मोडक्या वाक्यांत घालवली.

परतताना माझ्या मनात आले, हाही पूर्वनियोजित खेळ नसेल कशावरून? परंतु ठमाबाईच्या डोळ्यांतला संताप मी पाहिला होता. तो ठरवून आणता येत नाही. मी शिफारस केली: कायम करावे.

पाळकसाहेब आनंदले. त्यांनी त्याची नेमणूक पनवेलच्याही पलीकडे करायचे योजिले, जेथे त्याचा जमादार कोणी पाहिला नव्हता. नवा कोटही शिवायला टाकला. येसाजीने ऐकून घेतले आणि हात जोडले.

“तिकडं नको, सायेब. तिकडं मना कोन वळखतं? मी कोट चडवला की पाद्रीच दिसनार, आन मी पुन्ना तुमच्याच आवाजात बोलनार. हाक मारली ती येसाजीला. त्यो कोन, ते खाडीपल्याडच्यांना ठावं हाय.”

“त्यांनी तुला हाकलले आहे.”

“व्हय. म्हंजी त्यांचा इस्वास बसला.”

नेमणूक त्याने नाकारली. हा अहंकार की आज्ञापालन, याचा निर्णय मला तेव्हा करता आला नाही. तो तरीवर वल्ही मारू लागला आणि त्यावरच घर चालवू लागला. दर रविवारी उपासनेनंतर त्या गावाच्या शिवेवर जाऊन उभा राही. गावात पाऊल टाकीत नसे.

१९६१ साली काही कामानिमित्त मी त्या बाजूस गेलो होतो. एवढ्या वर्षांत त्या गावातून एकही मनुष्य मंडळीत आला नव्हता. त्यामुळे हा तेथे जाऊन नेमके करतो काय, ही शंका मला होतीच. शिवेवरच्या दगडावर येसाजी बसला होता आणि ठमाबाई कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभी होती.

“तुझा देव येवडा मोठा, तर माझ्या नातवाचा ताप का उतरत न्हाय? बोल!”

“मना ठावं न्हाय, आय.”

“मंग इथं कशाला तरफडतोस दर आइतवारी?”

“पोरासाठी देवापाशी मागनं मागतो. दवाखान्यात न्ह्यायचा आसंल, तर माझी होडी तयार हाय.”

ती त्याला बरेच काही बोलली. तो तिचा पोटचा मुलगा असता, तर याहून अधिक बोलू शकली नसती. मग दमून म्हणाली, “चल. उचल त्याला. अंबाजी काय बोलला, तर मी हाय.”

येसाजी उठला आणि तिच्यामागून शिव ओलांडून गावात शिरला.