ढिगाची ऊब

वस्तीतली माणसं तिला निवडमावशी म्हणत. नाव कुणीतरी चेष्टेत दिलं होतं, पण ते तिच्या अंगाला बरोबर बसलं. खाण चालू होती तेव्हा वर आलेला कोळसा एका लांब सरकत्या पट्ट्यावरून जाई. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या असत आणि कोळशातला दगड हाताने निवडून बाजूला टाकत. मावशी लग्न होऊन वस्तीत आली त्याच वर्षी पट्ट्यावर उभी राहिली, ती खाण बंद झाली तेव्हाच तिथून हलली. तोवर हातांना अशी सवय लागली होती की घरी बसल्यावरही ते थांबेनात. तांदळातला खडा, भाजीतलं पिवळं पान, शेजारणीच्या बोलण्यातलं खोटं, सगळं ती बाजूला काढी. लेकीने लग्न ठरवून मुलगा घरी आणला तेव्हा मावशीने त्यालाही वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "चालेल. थोडी माती लागलीय, पण आत कोळसा आहे." जावई अजून ही गोष्ट चारचौघांत सांगतो आणि सांगताना दर वेळी थोडा लाजतो.

या बायकांनी बाजूला टाकलेला दगड वस्तीच्या मागे साठत गेला. पुढे त्याची उंची एवढी झाली की सकाळचं ऊन घरांवर उशिरा पोचू लागलं, पण त्याला टेकडी म्हणायला कुणाची जीभ वळली नाही. सगळे त्याला ढीगच म्हणत. दगडाबरोबर थोडा कोळसा जायचाच. तो दुसऱ्या पाळीच्या बायकांनी घालवलेला, असं मावशीचं ठाम मत होतं. तो कोळसा आतल्या आत धुमसत राही आणि ढिगाची मागची बाजू बाराही महिने कोमट असे. वस्तीने त्याचा फायदा घेतला नसता तरच नवल. ओल्या हवेच्या दिवसांत सगळ्या घरांचे कपडे त्या बाजूच्या दगडांवर वाळत. कपड्यांना गंधकाचा वास यायचा, इतका की खाणवस्तीतली मुलं कोणती हे शाळेतल्या बाई डोळे मिटून सांगत.

प्रत्येक घराचा एक दगड ठरलेला होता. सासूकडून तो सुनेकडे यायचा, आणि दुसऱ्याच्या दगडावर साधा हातरुमाल टाकला तरी महिनाभर अबोला ठरलेला. मावशीला सासूने दागिना एकही दिला नाही, दगड मात्र दिला, आणि तोही काळीज काढून दिल्यासारखं तोंड करून. दगड होता मात्र देखणा. फरशीसारखा पातळ आणि सपाट, दोघं शेजारी शेजारी बसतील एवढा, आणि खाली हात जाईल अशी लांबट पोकळी.

त्या दगडावर पुढे तिचा नवरा बसू लागला. तो खाली खाणीत मुकादम होता आणि कायमचा वर आल्यानंतरही मुकादमच राहिला. चहा किती उकळावा, दाराची कडी कशी लावावी, पावसाने कुठल्या बाजूने यावं, प्रत्येक गोष्टीत त्याचा हुकूम. छाती मात्र खाणीने खाऊन टाकली होती. रात्रभर ती भात्यासारखी वाजे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "रोज चालायचं, थोडं चढायचं. अंथरुणावर बसलात, की बसलातच." मुकादम डॉक्टरांचं ऐकतो थोडाच. "जन्मभर जमिनीखाली चाललो, आता वर चालून कुणाला दाखवायचंय?" म्हणाला आणि कुशीवर वळला. त्याने ऐकलं ते फक्त दगडाचं. एकदा मावशीने कपडे उचलायला म्हणून सोबत नेलं, तो त्या कोमट दगडावर पाठ टेकून बसला आणि त्याचा खोकला जरा निवळला. त्या दिवसापासून रोज सकाळी मुकादम काठी टेकत, थांबत, शिव्या देत ढीग चढायचा. मावशी शेजारी बसे. तासाभराने दोघं खाली येत. चालणंही झालं आणि चढणंही, आणि डॉक्टरांचं ऐकलं असंही झालं नाही. सगळ्यांची अब्रू राहिली.

मग एका हिवाळ्यात मावशीने दगडावर टाकलेली चादर संध्याकाळपर्यंत ओलीच राहिली. तिने दगडावर हात ठेवला. दगड गार होता. तिने शेजारणीच्या दगडावर हात ठेवला, तिच्या पलीकडच्या दगडावर ठेवला. (आता अबोला धरायला कुणी नव्हतंच. बाकीच्या बायका केव्हाच घरात कपडे वाळवू लागल्या होत्या.) सगळे दगड गार. आतली आग विझली होती. मावशीला फार वाईट वाटलं, घरातलं म्हातारं माणूस न सांगता गेल्यासारखं. ओली चादर मांडीवर घेऊन ती तिथेच बसून राहिली, आणि बसल्या बसल्या तिच्या ध्यानात आलं. मुकादमाला हे कळलं तर तो उद्यापासून चढणार नाही. चढायचा थांबला की अंथरूण धरेल, आणि एकदा अंथरूण धरलं की पुढचं तिला मनातही आणायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती नवरा उठायच्या आधी उठू लागली. शेगडीत वीट तापवायची, गोणपाटात गुंडाळायची, डब्यात गरम राख घ्यायची आणि ढीग चढायचा. दगडाखालच्या पोकळीत वीट सरकवून भोवती राख ठासायची, म्हणजे ऊब टिकते. कालची गार वीट परत आणायची. "कुठे गेली होतीस?" असं त्याने विचारलं की म्हणायचं, "काटक्या वेचायला." वीट एकच, म्हणून ती कायम त्याच्या बाजूला. स्वतः मावशी आपल्या अर्ध्या गार दगडावर बसे आणि वर म्हणे, "आज तर चटका बसतोय." जन्मभर दुसऱ्यांचं खोटं निवडत आलेल्या बाईला असं धडधडीत खोटं बोलणं जड जायचं. पण गडी चढत होता.

असं बरंच चाललं. मग पालिकेने ढिगाचं रूप पालटायचं ठरवलं. वर माती टाकायची, गवत आणि झाडं लावायची, फिरायला वाट करायची. पट्ट्याची जुनी शेड पाडायची नाही, तिथे खाणीच्या आठवणी जपायच्या. कामावर एक तरुण बाई आली. तिला सगळे बागवाली म्हणू लागले. स्वभावाने मोकळी, पायात चिखलाचे बूट, आणि कुणी चहा दिला तर नाही म्हणायची नाही. शेडमध्ये ठेवायला म्हणून ती घरोघर जुन्या वस्तू मागत फिरली. कुणी शिरस्त्राण दिलं, कुणी दिवा. मावशी म्हणाली, "माझी वस्तू मागे उभी आहे. उचलत असेल तर ने." बागवाली इतकी हसली की मावशीला ती लगेच पसंत पडली.

पण जाता जाता ती म्हणाली, "मावशी, उद्या ढीग मोजणार आहे. उष्णता मोजायची लांब सळई आत घालून बघायचं, कुठे आग राहिलीय का. नंतर शेडमध्ये सगळ्यांना सांगेन."

मावशीची पाचावर धारण बसली. मोजलं की ढीग गार निघणार, आणि ते शेडमध्ये सगळ्यांसमोर, मुकादमासमोर वाचलं जाणार. तिने खूप विचार केला आणि शेवटी तिला जे सुचलं ते ढिगाशी जन्मभर संसार केलेल्या बाईलाच सुचावं असं होतं. दुसऱ्या दिवशी तिने एकाऐवजी दोन विटा नेल्या, चांगल्या कडक तापवून, आणि राखही दुप्पट ठासली. सळईने म्हणावं की ढीग अजून जिवंत आहे, एवढीच तिची इच्छा होती.

सळईने तसंच म्हटलं. त्या संध्याकाळी शेडमध्ये बाकांवर वस्ती बसली होती. बागवालीने सांगितलं, "आनंदाची गोष्ट आहे. ढीग जवळजवळ सगळा निवलाय, झाडं लावता येतील. फक्त एका ठिकाणी आग आहे, मागच्या वळणावरच्या सपाट दगडाखाली. तिथे सळई राखेतच गेली, आणि काटा एकदम वर. एवढ्या वर आग म्हणजे खाली बरीच असणार. ती बाजू उद्यापासून यंत्राने खोदून काढावी लागेल. निवेपर्यंत वाट बंद."

सगळ्या माना मुकादमाकडे वळल्या. दगड कुणाचा हे तिथे कुणाला सांगायला नको होतं. एरवी पावसालाही हुकूम सोडणारा माणूस, पण आता नुसता जमिनीकडे बघत खोकत राहिला. मावशीने हातातला चहा तसाच बाकावर ठेवला. दगड वाचवायला गेली आणि दगडावरच यंत्र आणून बसवलं.

सकाळी तिने वीट तापवली नाही. मुकादम कुशीवर वळून पडला होता. यंत्र यायच्या आत ती रिकाम्या हाताने ढीग चढली. बागवाली आधीच पोचली होती, दगडाभोवती खुंट्या ठोकत होती.

"पोरी, थांब," मावशी म्हणाली. "तुझी आग दाखवते."

ती गुडघे टेकून खाली बसली. पोकळीतली राख तिने हाताने ओढून काढली, मग एक वीट काढली, मग दुसरी. दोन्ही बागवालीच्या चिखलाच्या बुटांसमोर ठेवल्या.

बागवालीने विटांकडे बघितलं, मावशीकडे बघितलं. "कशासाठी?"

मावशीने सगळं सांगितलं. चादर, डॉक्टर, काटक्या. सांगताना तिला रडू आलं आणि त्याचाच तिला राग आला. "तुझ्या यंत्राला परत पाठव," ती म्हणाली. "ढीग गारच आहे. पण हे आमच्या ह्यांना सांगू नकोस. तेवढं कर माझ्यासाठी."

"कुणाला सांगू नको?"

वळणावर मुकादम उभा होता. काठीवर दोन्ही हात, ओठ निळसर, श्वास वाजतोय. एवढ्या घाईने तो कधी चढला नव्हता. विटा मावशीच्या पुढ्यातच पडल्या होत्या, लपवायला पदर पुरणार नव्हता.

"यंत्र थांबवायला आलो होतो," तो दम घेत बागवालीला म्हणाला. "म्हटलं सांगावं, त्या दगडाखाली आग नाही. वीट आहे."

मावशी उठायची ती तशीच बसून राहिली. "तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, मी जन्म काढला आत. कोळसा पेटला की गंधकाचा वास येतो. या उबेला आपल्या शेगडीच्या राखेचा वास." तो दगडाच्या कडेला टेकला. "पहिल्याच दिवशी कळलं."

"मग इतके दिवस कशाला चढलात? रोज शिव्या देत?"

मुकादम एकेक शब्द सुटा करत बोलला. श्वासासाठी असेल, नाहीतर असली वाक्यं त्याच्या तोंडाला सवयीची नव्हती म्हणून असेल. "तू अंधारात एवढी वीट घेऊन यायचीस," तो म्हणाला. "मी झोपून राहिलो असतो, तर ती वाया गेली असती."

बागवालीने मान फिरवली आणि उगाचच एक खुंटी उपटायला घेतली. मग बाकीच्याही उपटल्या. यंत्र आलं तसं माघारी गेलं. घरोघरच्या दगडांची हकिगत तिने मावशीकडून दोनदा ऐकली आणि ठरवलं, की ते सगळे आहेत तिथेच राहतील. माती त्यांच्या भोवतीने टाकायची आणि झाडं मधल्या जागेत लावायची. कुठला दगड कुठल्या घराचा, यावरून त्याच दिवशी दोन शेजारणींचं वाजलं. मावशी म्हणाली, "आता वाटतेय खरी वस्ती."

पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर तिच्या मनाला घोर लागला. लपवाछपवी संपली होती, मग आता उद्या तो कशासाठी चढेल? तिला वीट न्यायला कारण उरलं नव्हतं, त्याला यायलाही. त्याच्या छातीचा भाता ऐकत ती बराच वेळ जागी राहिली, आणि म्हणून सकाळी तिला उशिरा जाग आली.

शेजारचं अंथरूण रिकामं होतं. शेगडी पेटवलेली होती आणि गोणपाट जागेवर नव्हतं.

मावशी पायात मिळेल ते घालून धावली. ओझं उचलायची त्याला सक्त मनाई होती. वाटेत तो कुठे बसलेला दिसेल, नाहीतर पडलेला दिसेल, या धास्तीने ती वळणापर्यंत कशी पोचली हे तिचं तिलाच कळलं नाही.

तो दगडावर बसला होता, आपल्या नेहमीच्या बाजूला. हात राखेने माखलेले, बोलण्याइतका श्वासही नाही. त्याने नुसतं शेजारी थोपटलं.

ती आपल्या अर्ध्या दगडावर बसली. दगड गरम होता. तिने हात लांब करून त्याच्या बाजूला ठेवून बघितला. ती बाजू गारठलेली होती.

"एकच पेलली," मुकादम म्हणाला.

मावशीने त्याला दंडाला धरून आपल्या बाजूला ओढून घेतलं.