आत्यांच्या दुकानात पुडी मिळत नसे

गिऱ्हाइकानं मागितलेली वस्तू नसली की दुकानदार हळू आवाजात सांगतो. माझ्या सासूबाई मात्र "पुडी न्हाई!" हे रस्त्यापलीकडं ऐकू जाईल असं सांगायच्या. राहात्याच्या बाजारात आमचं किराणा दुकान. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. गेल्या वर्षी त्या गेल्या.

गुटख्यावर बंदी आली आणि बाजारात त्याच्या पुड्या लपूनछपून, दुप्पट भावानं विकल्या जाऊ लागल्या. आत्यांनी मात्र दारावरच्या पुड्यांच्या माळा काढून परसात जाळल्या. पुढं सुट्या सिगारेटी विकायला मनाई झाली. एक मागणारे कोणी अख्खं पाकीट नेऊ लागले, कोणी बिडीकडं वळले. आत्या म्हणाल्या, "कायद्यानं दार लावलं की मानूस खिडकी हुडकतो. आपुन खिडकी व्हायचं न्हाई." आणि पाकिटंही बंद केली. गल्ला हलका झाला, पण आत्या हलल्या नाहीत.

एकदा एक तरुण विक्रेता रंगीत व्हेप, म्हणजे बॅटरीवरच्या ई-सिगारेटी, घेऊन आला. "आजी, ही सिगारेट नाही. आंब्याचा वास येतो."

"वास पायजे तर आंबा खाईल की मानूस! बंदी हाय ना याच्यावर?"

"तपासायला कोण येतंय इथं?"

"मी बसलीय की!"

त्यानं पिशवी आवरली.

खरी कसोटी पाहिली ती त्यांच्या थोरल्या भावानं, आमच्या मामांनी. नेवाशाकडून आले होते. दारातूनच म्हणाले, "सुमे, एक पुडी काढ."

"न्हाई, दादा."

"सख्ख्या भावाला न्हाई?"

"तुला तर मुळीच न्हाई."

ते चहा न घेता निघून गेले. त्या दिवाळीत भाऊबीजेलाही आले नाहीत. आत्या दिवसभर दाराकडं बघत होत्या. दुसऱ्या दिवशी ओवाळणीचं ताट पिशवीत घातलं, मला घेतलं आणि एसटीनं थेट त्यांचं गाव गाठलं.

मामा ओट्यावर बसले होते. आम्हाला बघून म्हणाले, "एका पुडीसाठी चार दुकानं हिंडावं लागतं. चोरासारखं मागायचं, वर दुप्पट मोजायचं. लई कटाळलो बघ."

"सुटली का मग?"

"सुटली न्हाई. कमी झाली."

आत्यांनी पाट मांडला. मामा उठले, नळावर जाऊन बराच वेळ चुळा भरल्या आणि येऊन पाटावर बसले.

परतीच्या एसटीत आत्या खिडकीशी ताठ बसल्या होत्या. डोळे पाणावलेले. "कमी झाली म्हनाला," त्या मला म्हणाल्या. "सुटली म्हनाला असता तर मला बरं वाटलं असतं. पर माजा भाऊ खोटं बोलला न्हाई."